आमच्या माघारी : प्रौढ दिव्यांग मुलांचे हक्क आणि आईवडिलांनी करून ठेवायचे कागद



या व्याख्यानमालेला मी वर्षानुवर्षे श्रोता म्हणून येतो आहे. यंदा बोलायला सांगितले तेव्हा हा विषय मीच सुचवला, आणि सुचवल्यावर थोडा संकोचही वाटला. ज्या व्यासपीठावरून आपण कविता आणि कादंबरीवर ऐकले, तिथे दाखले, पेन्शन आणि मृत्युपत्र यांवर काय बोलायचे? पण समोर बसलेल्यांपैकी निदान पाच-सहा घरे मला ठाऊक आहेत, जिथे तिशी-चाळिशीतला मुलगा किंवा मुलगी आईवडिलांच्याच आधाराने राहते. कुणाला जन्मापासून बौद्धिक दिव्यांगत्व आहे, कुणाला सेरेब्रल पाल्सी, कुणाला ऐन तारुण्यात मनाचा आजार जडला. आपण बेळगावकर अशा मुलांना घरात सांभाळतो, मायेने सांभाळतो. पण त्यांच्याविषयी बोलत नाही, आणि त्यांच्या नावाचे कागदही करत नाही.

दवाखान्यात शेवटचा पेशंट गेला की एखादी सत्तरीची आई थांबते. स्वतःच्या गुडघ्यांचे सांगून झालेले असते. मग हळूच विचारते, ‘डॉक्टर, आमच्या माघारी ह्याचं काय?’ या प्रश्नाला माझ्या गोळ्यांत उत्तर नाही. काही उत्तर कायद्यात आहे, आणि ते मला फार उशिरा कळले. ते कसे कळले ते आधी सांगतो, कारण त्यात माझी चूक आहे.

दवाखाना नवा होता तेव्हा एक माउली आपल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन येऊ लागली. मुलाला बोलणे कमी, समज चार वर्षांच्या पोराइतकी. मी त्याच्या सर्दीवर, पोटावर, झोपेवर औषध देत असे. बुद्धीची वाढ औषधाने भरून येत नाही हे मला माहीत होते. तिला तसे तोंडावर सांगण्याचे धैर्य मात्र नव्हते. कुणीतरी तिला अपंगत्वाचा दाखला काढायला सुचवले. तिने मला विचारले. मी म्हणालो, ‘आत्ताच कशाला शिक्का मारून घेता? बघू, फरक पडेल.’ ते ‘बघू’ वीस वर्षे चालले. वडील केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झाले आणि वारले. मागोमाग आईही गेली. वडिलांची फॅमिली पेन्शन आईपर्यंत येऊन थांबली. त्या मुलाला ती जन्मभर मिळू शकत होती, पण त्याचा दाखला नव्हता आणि पेन्शनच्या कागदात दिव्यांग म्हणून नावही नव्हते. थोरल्या भावाने दाखला काढला, तर कार्यालयाने विचारले, ‘हे दिव्यांगत्व आईवडील हयात असतानाचे आहे कशावरून?’ तीन वर्षे तो हेलपाटे घालत होता. शेवटी शाळेची जुनी नोंद सापडली आणि त्याला जोड म्हणून माझे पिवळे पडलेले केसपेपर लागले. पेन्शन सुरू झाली. पण ती तीन वर्षे मी विसरलो नाही.

तेव्हापासून मी हा विषय विद्यार्थ्यासारखा शिकत आलो. मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. हक्क आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांचे दार आईवडील हयात असतानाच उघडून ठेवावे लागते. नंतर ते बंद होते असे नाही, पण बाहेर उभा राहणारा एकटा पडतो.

टक्क्यांचा हिशोब

सगळ्याची सुरुवात दाखल्यापासून होते. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते. त्याच्या जागी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात प्रकार २१ झाले. स्वमग्नता, स्नायूंचा क्षय, पार्किन्सन, थॅलेसीमिया, हिमोफिलिया, अॅसिड हल्ल्यातील पीडित असे अनेक त्यात आले. बहुतेक सवलतींसाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के असावे लागते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. हा दाखला मी देऊ शकत नाही, तुमचे नेहमीचे खाजगी डॉक्टरही देऊ शकत नाहीत. सरकारने नेमलेला वैद्यकीय अधिकारी किंवा मंडळ, साधारणपणे जिल्हा रुग्णालयात, तो देते. त्यासाठी ऑनलाइन अर्ज करायचा असतो आणि त्यातूनच यूडीआयडी कार्ड मिळते. ते देशभर चालते. आजही काही घरांत लॅमिनेशन केलेला जुना हाती लिहिलेला दाखला जपून ठेवलेला असतो. त्याचे यूडीआयडी करून घ्या. कार्यालये आता तेच मागतात.

टक्के कसे ठरतात हे आईवडिलांना कुणी समजावत नाही. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बौद्धिक दिव्यांगत्व सौम्य असेल तर ५० टक्के, मध्यम असेल तर ७५, तीव्र असेल तर ९० आणि अतितीव्र असेल तर १०० टक्के धरतात. मानसोपचारतज्ज्ञ बुद्ध्यांक तर बघतातच, पण त्यापेक्षा मुलाला रोजच्या व्यवहारात काय जमते ते बघतात. स्वतः जेवतो का, कपडे घालतो का, दुकानातून वस्तू आणतो का, सुटे पैसे मोजतो का. आमच्या आयांची चूक इथे होते. आई शेजारी बसलेली असते आणि कौतुकाने सांगते, ‘सगळं करतो हो, मी फक्त जरा मदत करते.’ त्या ‘जरा मदती’त त्याला अंघोळ घालणे आणि घास भरवणेही असते. तपासणीच्या दिवशी खरे ते सांगा. वाढवून नको आणि लपवूनही नको.

आणखी एक. मुलपणी काढलेला दाखला ५, १० आणि १८ व्या वर्षी नवा करावा लागतो. १८ व्या वर्षी मिळालेला मात्र कायमचा असतो. पुष्कळ घरांत शाळेसाठी दहाव्या वर्षी दाखला काढलेला असतो आणि शाळा सुटल्यावर तो कुणी बघितलेला नसतो. तुमच्या घरातला दाखला कोणत्या वर्षीचा आहे, त्यावर कायमचा असे लिहिले आहे की तात्पुरता, हे आज घरी गेल्यावर बघा.

आपल्या भागातली एक अडचण वेगळी आहे. आपली मुले मराठी शाळेत शिकली, तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला मराठीत. रेशन कार्ड कन्नडमध्ये. आधार इंग्रजीत आणि कन्नडमध्ये. एकाच मुलाचे नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने पडते, वडिलांचे नाव कुठे आडनावाच्या आधी तर कुठे नंतर. संगणकाला हे तीन वेगळे लोक वाटतात. दिव्यांगत्वाचा अर्ज करण्याआधी आधारवरचे नाव आणि जन्मतारीख दुरुस्त करून घ्या आणि पुढचा प्रत्येक कागद त्याच्याबरहुकूम करा. कन्नड अर्जात ‘विकलचेतन’ हा शब्द दिसला की तो आपल्याचसाठी आहे हे ओळखा. महाराष्ट्रात ‘दिव्यांग’ म्हणतात, इकडे ‘विकलचेतन’. प्रत्येक ग्रामपंचायतीत या कामासाठी मानधनावर एक पुनर्वसन कार्यकर्ता असतो. खेड्यातल्या मंडळींनी आधी त्याला गाठावे.

पैसा कुठून येतो

दाखला हातात आला की लोक विचारतात, ‘आता महिन्याला किती मिळणार?’ उत्तर घराच्या परिस्थितीवर आहे.

गरीब घरासाठी केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग पेन्शन आहे. वय १८ ते ७९, दारिद्र्यरेषेखालचे कुटुंब आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक, अशी अट आहे. केंद्राचा वाटा आहे महिन्याला ३०० रुपये. मघाचा हिशोब आठवा. मध्यम बौद्धिक दिव्यांगत्वाला ७५ टक्के मिळतात, म्हणजे ज्याला उभ्या आयुष्यात एकट्याने राहता येणार नाही असा मुलगाही या ८० च्या रेषेबाहेर राहतो. राज्यांच्या योजना त्यामानाने बऱ्या आहेत. कर्नाटकात ४० टक्क्यांपासून पेन्शन आहे आणि तीव्रतेप्रमाणे रक्कम वाढते. अर्ज नाडकचेरीत करायचा. पण तिथेही कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे. मुलगा पन्नाशीचा झाला तरी उत्पन्न मोजताना घर बापाचेच धरले जाते. त्यामुळे शिक्षक, कारकून, छोटे दुकानदार अशी आपली बहुतेक घरे या पेन्शनमध्ये बसत नाहीत.

जे बसतात त्यांच्यासाठी सीमाभागातला एक धोका सांगतो. आपल्या मुली कोल्हापूर, सांगली, गडहिंग्लजला दिलेल्या असतात. आईवडील गेल्यावर दिव्यांग भावाला बहीण आपल्याकडे नेते. प्रेमाने नेते, आणि तेच योग्य. पण राज्य बदलले की कर्नाटकाची पेन्शन सुटते, आणि महाराष्ट्रातल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी १५ वर्षांचे वास्तव्य लागते. म्हणजे एका बाजूची बंद आणि दुसऱ्या बाजूची सुरू नाही. पन्नास-साठ मैलांच्या प्रवासात माणूस दोन्हीकडून पडतो. यूडीआयडी कार्ड मात्र तेच राहते, केंद्राच्या सवलतीही राहतात. म्हणून मुलाला पुढे कुठे राहायचे आहे याचा विचार पेन्शनच्या ओळीसकट आधी करावा.

आता आपल्यासारख्या मध्यमवर्गीय घरांचा खरा आधार. तो म्हणजे फॅमिली पेन्शन. आई किंवा वडील केंद्र सरकारच्या जुन्या पेन्शन योजनेत असतील, तर त्यांच्या दोघांच्या पश्चात, आणि पंचविशीच्या आतली पात्र भावंडे नसतील तेव्हा, दिव्यांग मुलाला जन्मभर फॅमिली पेन्शन मिळते. तो स्वतःचा चरितार्थ चालवू शकत नसला पाहिजे. सर्वसाधारण दराने ही पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असते, किमान ९,००० रुपये, आणि त्यावर महागाई भत्ता. पूर्वी उत्पन्नाची अट फार कडक होती. २०२१ साली ती सैल झाली. मुलाचे इतर उत्पन्न त्याला मिळणाऱ्या फॅमिली पेन्शनपेक्षा, महागाई भत्त्यासह, कमी असले की पुरे. त्याच्या नावावर थोडी मुदत ठेव आहे म्हणून आता घाबरायचे कारण नाही.

इथे सगळ्यात महत्त्वाचे काम आईवडिलांचे आहे. निवृत्त झालेला माणूस हयातीतच अर्ज करून दिव्यांग मुलाचे नाव आपल्या पेन्शन पेमेंट ऑर्डरमध्ये, म्हणजे पीपीओमध्ये, नोंदवून घेऊ शकतो. शिवाय बौद्धिक दिव्यांगत्व असेल तर त्याची पेन्शन कुणी स्वीकारायची त्या व्यक्तीचे नावही तो देऊ शकतो. दिव्यांगत्व कायमचे असेल तर दाखला एकदाच द्यावा लागतो, तात्पुरते असेल तर पाच वर्षांनी पुन्हा. हे एक पान भरले असते तर मघाशी सांगितलेल्या भावाची तीन वर्षे वाचली असती. राज्य सरकारच्या नियमांतही अशी तरतूद आहे, तपशील वेगळे आहेत. आपापल्या खात्यात विचारावे. केंद्रात २००४ नंतर नोकरीला लागलेले नव्या पेन्शन योजनेत येतात. त्यांनी आपल्या बाबतीत काय लागू होते ते नोकरीत असतानाच लेखी विचारून ठेवावे.

कारखान्यात, सहकारी बँकेत, खाजगी नोकरीत आयुष्य काढलेल्यांना वाटते की आपल्याला यातले काही नाही. तसे नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत सभासदाच्या मुलांची पेन्शन एरवी पंचविसाव्या वर्षी थांबते. मूल कायमचे आणि पूर्णतः दिव्यांग असेल तर तिला वयाची मर्यादा नाही. रक्कम मोठी नसते, पण जन्मभराची असते. फाउंड्रीत काम करणाऱ्या कितीतरी जणांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच ऐकले.

आयकराविषयी थोडक्यात. अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकासाठी जुन्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची वजावट मिळते, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल तर १,२५,००० रुपयांची. ८० डीडी या नावाने आपण ती ओळखतो. खर्चाच्या पावत्या लागत नाहीत, ठरलेली रक्कम मिळते. नव्या करप्रणालीत ती मिळत नाही, म्हणून प्रणाली निवडण्याआधी दोन्हीकडचा हिशोब करा. आईवडिलांनंतर सांभाळ करणाऱ्या भावाला किंवा बहिणीलाही ही वजावट घेता येते. हे भावंडांना अगत्याने सांगा.

आरोग्यासाठी नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असणाऱ्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. आधी तपासणी लागत नाही आणि बाहेरचे औषधोपचार व थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो. दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, आणि लोक विसरतात ते तेच. रेल्वेतही मुलाला आणि सोबत्याला, स्लीपरसकट बहुतेक वर्गांत, ७५ टक्के सवलत आहे. ज्यांनी मुलाला कधी घराबाहेर नेलेच नाही, त्यांनी त्यातून एकदा पंढरपूर किंवा श्रवणबेळगोळ तरी करून यावे.

अठरावा वाढदिवस

अठरावा वाढदिवस झाला की कायद्याने मूल सज्ञान होते. त्याला समज चार वर्षांची असली तरी. त्या दिवसापासून आई आणि बाप हे त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. बँकेत सही, जमिनीचा व्यवहार, मोठ्या शस्त्रक्रियेची संमती, यांपैकी कशासाठीही ‘मी बाप आहे’ एवढे पुरत नाही. बहुतेक घरांना हे तेव्हा कळते जेव्हा बँकेतला नवा अधिकारी सही अडवतो.

यावर उपाय १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात आहे. मघाशी सांगितलेल्या चार प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्वाचे प्रमाणपत्र मिळते. समितीत तिघे असतात. जिल्हाधिकारी किंवा तशा दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही. अर्ज आईवडिलांना करता येतो, त्यांच्या पश्चात भावंडांना किंवा नातेवाइकांना. या प्रमाणपत्रावर बँकांनी खाते चालवू द्यावे असे रिझर्व्ह बँकेने २००७ सालीच कळवले आहे. शाखेतल्या माणसाला ते माहीत नसेल तर शांतपणे सांगावे.

पालक होणे हा मान आहे तशी जबाबदारीही आहे. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब. पालक दुर्लक्ष करत असेल किंवा मालमत्तेचा गैरवापर करत असेल तर त्याला काढताही येते. काही भावांना हे जाच वाटते. मला वाटते, चांगल्या भावाला या हिशोबाचे ओझे होत नाही. उलट उद्या कुणी बोट दाखवले तर तोच त्याला वाचवतो.

मनाच्या आजाराला, म्हणजे स्किझोफ्रेनियासारख्या दुखण्याला, हा १९९९ चा कायदा लागू नाही. त्यांच्यासाठी २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. त्यात रुग्ण बरा असताना स्वतःच लेखी सांगू शकतो की उपचारांच्या निर्णयात माझा प्रतिनिधी कोण. हे आधी करून ठेवले तर आजार उफाळतो त्या रात्री घरात वाद होत नाहीत.

पालकत्व घेताना एक भान हवे. २०१६ चा कायदा सांगतो की शक्य तिथे पालकाने दिव्यांग व्यक्तीशी बोलून, तिच्या इच्छेप्रमाणे निर्णय घ्यावा. त्याला मर्यादित पालकत्व म्हणतात. समज कमी असली म्हणून इच्छा नसते असे नाही. वडगावातल्या एका घरात चाळिशीच्या मुलीला कुणाकडे राहायचे असे विचारल्यावर तिने सरळ मावशीचे नाव घेतले. भाऊ रागावला. पण मावशीकडे तिला स्वयंपाकघरात पोळपाट मिळत होता आणि भावाकडे फक्त टीव्ही. तिला हे नेमके कळत होते.

घर, शेत आणि मृत्युपत्र

आपल्या समाजातली एक जुनी समजूत मोडायला हवी. ‘त्याला कळत नाही, त्याला काय हिस्सा?’ १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे २८ वे कलम स्पष्ट आहे. रोग, व्यंग किंवा विकृती यामुळे कुणाचाही वारसाहक्क जात नाही. हा कायदा आम्हा जैनांनाही लागू आहे. वारसाच्या नोंदीत दिव्यांग मुलाचे नाव गाळून उतारा करून घेणे चूक आहे. ज्याला व्यवहार समजत नाही त्याचा अंगठा घेऊन हक्कसोडपत्र करणे तर त्याहून वाईट. असा करार कायद्याने उभा राहत नाही, आणि पुढे घर विकताना नेमका तोच अंगठा आड येतो.

म्हणून मृत्युपत्र करा. त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदार लागतात. नोंदणी केलेली बरी. आमच्याकडे दोन टोकाच्या चुका होतात. एक म्हणजे सगळे थोरल्याच्या नावे करायचे, ‘तो बघेल’ म्हणून. थोरला बघतोही. पण थोरला आधी गेला तर? त्याचे घर त्याच्या बायकोमुलांचे होते, आणि ज्याच्यासाठी दिले होते त्याचे नाव कुठेच नसते. दुसरी चूक म्हणजे सगळे दिव्यांग मुलाच्याच नावे करायचे. मग ते विकता येत नाही, वापरता येत नाही, आणि ठेवीचे व्याज त्याच्यासाठी काढायलाही पालकत्वाचा कागद लागतो.

मधला मार्ग म्हणजे खाजगी न्यास. १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याप्रमाणे तो करता येतो. पैसा किंवा घर विश्वस्तांच्या ताब्यात द्यायचे आणि कागदात लिहायचे की उत्पन्न या मुलाच्या जेवणाखाण्यासाठी, औषधासाठी, सोबतीसाठी वापरावे, आणि त्याच्या पश्चात जे उरेल ते अमुक-अमुक यांना जावे. स्थावर मालमत्ता असेल तर कागद नोंदवावा लागतो. विश्वस्त एकच ठेवू नका. दोन किंवा तीन ठेवा, त्यातला एक तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी तरुण असावा. चांगल्या वकिलाची फी इथे द्यावी. वाचवायची जागा ही नव्हे.

बँकेतला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही लक्षात ठेवा. तो पैसे स्वीकारतो, पण ते वारसांचे किंवा मृत्युपत्रात लिहिलेल्यांचे असतात. नॉमिनी घातला म्हणजे मुलाची सोय झाली असे समजून कित्येक आईबाप निश्चिंत राहतात.

भावंडांशी बोलणे

कायदा सांगून झाला. कठीण भाग शेवटी ठेवला आहे. इतकी वर्षे बघतो आहे की आईवडील हे कागद करत नाहीत ते अज्ञानाने नव्हे. पीपीओत नाव घालायचे म्हणजे आपल्या मरणाचा अर्ज भरायचा. मृत्युपत्रात ‘माझ्या पश्चात’ लिहायचे म्हणजे मूल एकटे पडल्याचे चित्र डोळ्यांसमोर आणायचे. आई म्हणते, ‘तो माझ्या आधी जावा.’ हे वाक्य मी कितीतरी आयांच्या तोंडून ऐकले आहे. त्यात निर्दयपणा नाही. सोय केलेली नसली की माणसाला असेच मागावे लागते.

थोरल्या भावंडांशीही कुणी बोलत नाही. गृहीत धरतात. पुण्याला, बंगळूरला, आखातात गेलेला मुलगा सुट्टीला येतो, भावाला चॉकलेट देतो, आणि त्याच्या मनात जो प्रश्न असतो तो तोही विचारत नाही. माझे सांगणे असे की दिवाळीत सगळे जमतात तेव्हा एका दुपारी हा विषय काढावा. सुनेला आणि जावयाला समोर बसवून. कुणी किती करू शकेल ते प्रत्येकाने आपल्या तोंडाने सांगावे. ‘मी पैसे देईन पण ठेवून घेणे जमणार नाही’ असे कुणी म्हणाले तर त्याला वाईट ठरवू नका. खरे बोलला म्हणून त्याचे आभार माना. आईवडील असताना ऐकलेला नकार सोसता येतो, कारण दुसरी सोय करायला वेळ असतो.

आणि एक वही करा. तिच्यात मुलाची औषधे, डोस, फिट आली तर काय करायचे, तो कशाला घाबरतो, कोणते गाणे लावले की शांत होतो, कोणती भाजी खात नाही, दुखले की कसा सांगतो, हे लिहा. सरकार ही वही मागत नाही. पण ज्या आत्याकडे किंवा वसतिगृहात तो पहिली रात्र काढणार आहे, तिथे दाखल्याइतकीच तिची गरज लागेल. एका घरातल्या आईने अशी वही लिहिली होती, मोडीसारख्या गिचमिड अक्षरात. ती गेल्यावर सुनेने पहिले तीन महिने त्या वहीवर काढले.

मघाशी सांगितलेला तो मुलगा आता पन्नाशीत आहे. थोरल्या भावाकडे राहतो. पेन्शन दर महिन्याला येते आणि त्याच्याच खात्यात पडते. भाऊ पालक म्हणून हिशोब देतो. दर रविवारी दोघे माझ्या दवाखान्यावरून जातात, आणि तो हात वर करून मला हाक मारतो. त्याच्या आईला मी जे सांगायला हवे होते ते आज तुम्हाला सांगितले.

व्याख्यान संपल्यावर प्रश्नोत्तरे आहेतच. पण हे प्रश्न चारचौघांत विचारायचे नसतात हे मला कळते. म्हणून कार्यकारिणीशी बोलून ठरवले आहे. पुढच्या महिन्यापासून दर दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसेन. दाखला असेल तर दाखला, पीपीओ असेल तर पीपीओ, काहीच नसेल तर नुसते आधार कार्ड घेऊन या. कन्नड अर्ज भरून द्यायला आपल्यातली दोन तरुण मुले तयार झाली आहेत. शक्य असेल तर मुलालाही सोबत आणा. खोलीत चहा असतो.